वेड्यावाकड्या मोत्याला आकार माफ, पाणी माफ नाही

प्रश्न थोडक्यात असा: कानातल्यांची एक जोडी आणि एक सर करायचा आहे, त्यासाठी बरोक, म्हणजे वेडेवाकडे मोती मनात भरलेत. घरातली मोठी माणसं म्हणतात, हे तर निवडून टाकलेले मोती. दुकानदार म्हणतो, सध्या हेच चालतात. यांत एवढं काय असतं, घेताना काय पाहायचं आणि दागिना घडवताना काय सांभाळायचं?

मोठ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. गोल मोत्यांच्या प्रतवारीत जो बसत नाही तो बाजूला पडतो आणि त्या ढिगालाच व्यापारात बरोक म्हणतात. मात्र त्या ढिगात दोन तऱ्हेचे मोती एकत्र असतात. एकाचा फक्त आकार बिघडलेला असतो, दुसऱ्याचं आकाराबरोबर पाणीही, म्हणजे चमकही, गेलेलं असतं. पहिला जरूर घ्यावा. दुसरा फुकट मिळाला तरी दागिन्यात घालू नये.

मोती वाकडा का होतो ते आधी पाहू, कारण पारख तिथूनच सुरू होते. शिंपल्यातल्या जिवाच्या अंगावर एक मांसल पडदा असतो. त्याच्या पेशी नेकर स्रवतात. रिकाम्या शिंपल्याच्या आत जे चकाकतं तेच हे द्रव्य. संवर्धित मोत्यासाठी या पडद्याचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा दुसऱ्या शिंपल्यात रोवतात. तुकडा रुजला की त्याची पिशवी बनते आणि ती आत थरावर थर देत जाते. समुद्री मोत्यात या तुकड्याला चिकटून शिंपल्याचाच घडवलेला गोल मणी ठेवतात, म्हणून मोती मण्याभोवती गोल वाढतो. तुकडा मण्यापासून जरा सरकला, पिशवी एका बाजूला सैल राहिली किंवा मधे काही कचरा अडकला, की तिथे शेपूट, फुगवटा नाहीतर घडी तयार होते. कधी शिंपला मणीच बाहेर टाकतो, पण पिशवी शाबूत राहते. मग ती रिकामी पिशवी नुसतं नेकर साठवत बसते आणि जो मोती निघतो तो केशी. गोड्या पाण्याच्या मोत्यात सहसा मणी घालतच नाहीत. चीनच्या झेजियांग प्रांतात झुजीच्या आसपास एकेका शिंपल्यात असे तीसचाळीस तुकडे रोवतात. त्यांतून आता गोल मोतीही पुष्कळ निघतात, पण अंड्यासारखे, बटणासारखे, तांदळासारखे आणि कशासारखेच नसलेले त्याहून कितीतरी जास्त.

यातून व्यवहारातली एक गोष्ट निघते. मणी नसलेला वाकडा मोती आतून-बाहेरून नेकरचा असतो. गोल समुद्री मोत्यात मात्र नेकर हे मण्यावरचं आवरण असतं, आणि अकोया या समुद्री जातीच्या हलक्या प्रतीच्या मोत्यात ते अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असू शकतं. म्हणजे ज्याला टाकाऊ म्हटलं जातं त्यात खरा माल जास्त असण्याची शक्यता असते.

आता हे मोती मनात का भरतात त्याबद्दल. नेकरचे थर अरॅगोनाइटच्या, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका खनिजाच्या, सूक्ष्म चकत्यांचे असतात. एकेका चकतीची जाडी साधारण अर्धा मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास. म्हणून थराथरांतून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि पांढऱ्या मोत्यावर गुलाबी-हिरवी झाक तरंगते. गोल मोती हा बहिर्गोल आरसा आहे. त्यात खिडकीची एकच प्रतिमा उमटते आणि तो कसाही फिरवला तरी ती तिथेच राहते. वाकड्या मोत्याच्या प्रत्येक उंचवट्यात वेगळी खिडकी असते. मान हलली की हे सगळे ठिपके एकदम सरकतात आणि खोलगट जागांत ती रंगांची झाक दाटून येते. गोल मोती शांत दिसतो तो यामुळेच, आणि वाकडा जिवंत वाटतो तोही. पण हे सगळं पाण्यावर अवलंबून आहे. पाणी नसलेला वाकडा मोती म्हणजे चुनखडीचा खडा.

आणि आपल्याकडे वाकडा मोती नवा नाही. बसरा मोती म्हणून जे ओळखले जातात ते इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती. जुनी नथ हातात घेऊन दहापट भिंगाखाली पाहिली तर तारेत ओवलेले बारीक मोती चपटे, तिरके, बटणासारखे दिसतील. पूर्ण गोल त्यांत अपवादानेच. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी १८६५च्या सुमारास करवून घेतलेल्या मोत्यांच्या गालिच्यात सुमारे १५ लाख बसरा मोती आहेत. तेही बारीक आणि कमीअधिक आकारांचेच. एकेक मोती गोल असण्याशी त्या कामाला कर्तव्यच नव्हतं, सगळ्यांनी मिळून टाकलेली झळाळी महत्त्वाची होती. याच्या अगदी उलट टोकाला बडोद्याचाच मोत्यांचा हार आहे. त्यातल्या ६८ जुळत्या नैसर्गिक मोत्यांचा दोनपदरी हार २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ७० लाख डॉलरांवर गेला. तिथे किंमत होती ती एकासारखा दुसरा सापडण्याची.

शब्दाचंही मूळ आपल्या शेजारी पोचतं. ओबडधोबड मोत्याला पोर्तुगीज भाषेत ‘बारोको’ म्हणत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात हा शब्द याच अर्थाने आला आहे. युरोपातल्या कलेच्या एका आख्ख्या काळाला बरोक हे नाव बहुधा इथूनच चिकटलं, आणि तेही आधी नावं ठेवण्यासाठीच.

बाजारात गेल्यावर जी नावं कानावर पडतात त्यांचा अर्थ माहीत असू द्या. केशी वर आलाच: मण्याविना, बहुधा लहान, पाकळीसारखा, पाणी उत्तम. फायरबॉल हा गोड्या पाण्याचा, पण मणी घातलेला. एका बाजूला गोल पोट आणि मागे शेपूट. कॉइन म्हणजे चपट्या चकतीवर वाढवलेला नाण्यासारखा. वळी किंवा सर्कल्ड म्हणजे अंगावर समांतर रेघा असलेला. मोती पिशवीत हळूहळू फिरत असतो, त्यामुळे एके ठिकाणी राहिलेली खोट फिरता फिरता पूर्ण वळं उमटवते. फ्रेंच पॉलिनेशियातल्या काळ्या मोत्यांत हे नेहमी दिसतं. सूफ्ले हा आतून पोकळ, फुग्यासारखा. दिसायला मोठा, हाताला हलका. ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सचे साउथ सी बरोक सगळ्यांत मोठे आणि महाग. एखादा दुकानदार यांतल्या कशालाही ‘नॅचरल’ म्हणेल. त्याला बहुतेक वेळा ‘रंगवलेला नाही’ एवढंच म्हणायचं असतं. खरोखर नैसर्गिक, म्हणजे माणसाने न रोवलेला मोती आहे असा दावा असेल तर क्ष-किरण तपासणी केलेलं प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. मुंबईत अशी तपासणी होते. नुसत्या डोळ्यांनी हा निवाडा कुणीच करू शकत नाही, कितीही जुनी पेढी असली तरी.

पारख करताना पहिली अट उजेडाची. दुकानातले पिवळे झोतदिवे हलक्या मोत्यालाही उजळ करतात. मोती दारापाशी, खिडकीच्या उजेडात न्या. खाली राखाडी किंवा फिकट, बिनचमकीचं कापड ठेवा. मखमलीच्या काळ्या ताटात सगळंच चांगलं दिसतं. मोती बोटांत धरून हळूहळू पूर्ण फिरवा. उंचवट्यांवर खिडकीची कड धारदार दिसते का ते पाहा. कड पुसट, दुधाळ असेल तर पाणी कमी. मग खाचा आणि घड्या पाहा, कारण खोट तिथे लपते. नेकर नीट बसलं नसेल तर घडीच्या तळाशी खडूसारखा निस्तेज पट्टा दिसतो. चार बाजूंपैकी तीन पाणीदार असतील तर तो मोती कामाचा. चौथी बाजू कोंदणाकडे किंवा कानाकडे वळवता येते. दोनच बाजू चांगल्या असतील तर अंगठीत किंवा लटकनाच्या पाठीशी लपवून चालेल, पण सरात चालणार नाही. सरात मोती फिरतो.

मणी असलेल्या मोत्याला आणखी एक तपासणी. तो एकाच दिव्याखाली फिरवताना उजेड-अंधार असा उघडमीट करत असेल तर वरचं आवरण पातळ आहे आणि आतल्या मण्याचे पट्टे दिसताहेत. फायरबॉलमध्ये पोट आणि शेपटी जिथे जुळतात तो सांधा भिंगाखाली पाहायलाच हवा. तिथे केसाएवढी चीर असेल तर वेज, म्हणजे भोक, पाडताना किंवा पहिल्याच धक्क्याला शेपूट सुटते.

रंग. गुलाबी, पीच आणि जांभळट छटा गोड्या पाण्याच्या मोत्यांत उपजत असतात. गडद निळा, मोरपंखी किंवा चॉकलेटी रंग असलेला स्वस्त मोती बहुधा रंगवलेला असतो. वाकड्या मोत्यात रंग पकडणं उलट सोपं जातं, कारण तो खाचांत आणि वेजाच्या तोंडाशी साचतो. सर असेल तर दोन मोती किंचित बाजूला सारून मधला दोरा पाहा. दोऱ्याला रंग लागला असेल तर आणखी काही विचारायला नको.

नकली बरोकही येतो: काच, प्लास्टिक किंवा शिंपल्याच्या भुकटीवर चढवलेला लेप. इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. साचा स्वतःचीच नक्कल करतो. चाळीस मोत्यांत तोच खड्डा त्याच जागी असलेले दोन मोती सापडले की सर साच्यातला समजा. दाताच्या कडेवर घासून खरखर पाहण्याची जुनी युक्ती चालते, पण हलक्या हाताने. नेकर मऊ असतं आणि ओरखडा कायमचा राहतो. त्याहून बरं म्हणजे वेजाचं तोंड भिंगाखाली पाहणं. खऱ्या मोत्याची कड दळदार दिसते, लेपाची कड सालीसारखी सुटलेली दिसते. वजनही बोलतं. मोत्याचं विशिष्ट गुरुत्व २.७च्या आसपास, म्हणजे १० मिलिमीटरचा गोल मोती साधारण १.४ ग्रॅम. प्लास्टिकचा त्याच्या निम्माही भरत नाही. सूफ्लेला हा हिशेब लागू नाही. तो हलका असायलाच हवा आणि हलका नसेल तर आत काही भरलं आहे का असा संशय घ्यायचा. पोकळ मोत्यात वजनासाठी राळ भरण्याचे प्रकार होतात.

भावाबद्दल एवढंच. मुंबईच्या जुन्या मोतीबाजारात चांगल्या मोत्याची किंमत ‘चव’ या मापाने काढत, आणि चव वजनाच्या वर्गाने वाढते: वजन दुप्पट, चव चौपट. बरोक मोती ग्रॅमवर किंवा नगावर विकला जातो आणि आकारमानाबरोबर त्याचा भाव इतका उसळत नाही. त्याच जातीच्या, त्याच मापाच्या आणि पाण्याच्या गोल मोत्यापुढे तो बऱ्याचदा निम्म्याहून कमी पडतो. म्हणून पैसे बेताचे असतील तर लहान गोल मोत्यापेक्षा मोठा, पाणीदार बरोक घ्यावा. गोल मोत्यात तेवढं आकारमान आणि तेवढं पाणी एकत्र परवडत नाही. मात्र पुढे मोडीत चांगली किंमत येईल या हिशेबाने बरोक घेऊ नका. तो हौसेचा माल आहे.

कानातल्यांची जोडी लावताना लोक आकार जुळवत बसतात आणि चुकतात. दोन कानांच्या मधे अख्खा चेहरा असतो. पाहणाऱ्याला दोन्ही मोती एका नजरेत शेजारी शेजारी दिसतच नाहीत. त्याला खटकतं ते पाण्यातलं आणि रंगाच्या झाकेतलं अंतर, त्यानंतर लांबी, आणि सगळ्यांत शेवटी आकार. तेव्हा पाणी आधी जुळवा, मग लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आणा, वजनातला फरक पाच टक्क्यांच्या आत. आकार एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे, म्हणजे एकाचा फुगवटा डावीकडे आणि दुसऱ्याचा उजवीकडे, असे मिळाले तर सोन्याहून पिवळं. निवडलेली जोडी हातभर अंतरावर धरून एकदा पाहा. भिंगाखाली न जुळणारी जोडी तिथे बहुधा जुळलेली दिसते.

वजनाचा विचार करून ठेवा. १२ बाय १८ मिलिमीटरचा भरीव बरोक साडेतीन ग्रॅमच्या पुढे जातो. त्यावर सोनं आणि फिरकी धरली तर रोज वापरायला पाळीला जड. तेवढाच मोठा मोती हवा असेल तर सूफ्ले घ्या, नाहीतर वेलाचा आधार द्या.

यापुढचं काम सोनाराचं आणि ओवणाऱ्या पटव्याचं, पण ते करवून घेणाऱ्यालाही माहीत असावं. गोल मोत्याला वेज कुठूनही पाडता येतो. वाकड्या मोत्याला तो एकदाच आणि एकाच जागी पाडायचा असतो. जागा चुकली की मोती लटकताना एका बाजूला कलतो, आणि त्यावर उपाय नाही. युक्ती अशी: दोऱ्याच्या टोकाला वाटाण्याएवढं मऊ मेण लावा, त्यावर मोती चिकटवा आणि लोंबकळू द्या. पूर्ण थांबल्यावर कोणती बाजू पुढे येते, कोणतं टोक खाली जातं ते पाहा. मनासारखं होत नसेल तर मेण सरकवून पुन्हा लटकवा. जागा पक्की झाली की मऊ शिसपेन्सिलीने ठिपका द्या. दोऱ्याची सरळ रेघ खाली मोत्यात जिथून जाईल तीच वेजाची दिशा. मोती ज्या धातूच्या खुंटीवर चिकटवायचा तिच्यासाठी अर्धा, म्हणजे आरपार न जाणारा, वेज पुरतो, त्या जागच्या जाडीच्या दोन तृतीयांशापर्यंत. खोल गेला तर समोरची बाजू पातळ होऊन पुढे तडकते, उथळ राहिला तर खुंटी सुटते.

आरपार वेज दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा पाडायचा असतो. एकाच बाजूने पलीकडे निघालं की बाहेर पडणाऱ्या टोकाशी नेकरची खपली उडते. गिरमिटाचा वेग कमी, मोती पाण्याने ओला, आणि दर काही सेकंदांनी हात मागे. कोरडं आणि जोरात पाडलं तर नेकरच्या थरांना जोडणारं प्रथिन जळतं, केस जळल्यासारखा वास येतो आणि वेजाच्या तोंडाभोवती पिवळट कडं पडतं. भुकटी श्वासात जाऊ नये म्हणून नाकातोंडावर मुखपट्टी हवीच.

खुंटी ८ मिलिमीटरपुढच्या मोत्याला ०.८ ते १ मिलिमीटर जाडीची, आणि गुळगुळीत नको. पिळलेली किंवा खाचा पाडलेली. वेज स्पिरिटने पुसून कोरडा करा, दोन घटकांचं इपॉक्सी मिसळून वेजात आणि खुंटीवरही लावा, बाहेर आलेलं लगेच पुसा आणि चोवीस तास हलवू नका. झटपट चिकटणारा डिंक वापरू नये. तो ठिसूळ असतो आणि धक्क्याने सुटतो. एक मोती हरवलेली कानातली दुरुस्तीला येतात त्यांत हे कारण नेहमीचं.

झाळकाम, तेजाब, पॉलिश सगळं आटोपल्यावर मोती सगळ्यात शेवटी बसतो. हा नियम सोनाराला सांगावा लागू नये, पण दुरुस्तीच्या वेळी विसरला जातो. मोती बसलेल्या दागिन्याची कडी झाळायला ज्योत लावली की मोती जळतो, आणि तेजाबात गेला तर त्याचं पाणी विरघळतं. मोती शेवटी कॅल्शियम कार्बोनेटच आहे. कोंदणात बसवायचा असेल तर घर मोत्याच्या बुडाच्या उंचसखल रेषेप्रमाणेच घडवावं लागतं. सपाट घरात वाकडा मोती दाबला की दोनच ठिकाणी टेकतो आणि तिथेच तडकतो. बुडाचा ठसा मेणात घेऊन त्यावरून पत्रा वळवणं सोयीचं. काट्यांनी धरायचं तर काटे मोत्याच्या नैसर्गिक घळीत उतरवा, उंचवट्यावर नको, आणि त्यांची टोकं गोल घासून घ्या.

इथे एक मत मांडतो. आधी नक्षी काढून मग तिच्यात बसणारा बरोक शोधू नये. मोती समोर ठेवावा, आठ-दहा बाजूंनी फिरवून पाहावा आणि तो काय मागतो ते बघावं. युरोपातले जुने सोनार हेच करत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या ‘ग्रीन व्हॉल्ट’ संग्रहात अशा मोत्यांच्या छोट्या मूर्तींची रांग आहे: कुणाचं पोट मोत्याचं, कुणाची पाठ. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रसिद्ध ‘कॅनिंग’ लटकनात एका मत्स्यपुरुषाचं अख्खं धड एकाच बरोक मोत्याचं आहे. छातीचा भरदारपणा मोत्याने दिला, सोनाराने डोकं, हात आणि शेपूट जोडली. गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंगने तो दागिना हिंदुस्थानातून नेला. तो सोळाव्या शतकातला म्हणून मिरवला गेला, आता मात्र संग्रहालय त्याला १९व्या शतकाच्या मध्यावर आणून ठेवतं. काळ कुठलाही असो, कारागिरीचा क्रम बघा: मोती आधी, सोनं मागून. आपल्याकडे एवढं नाट्य करायची गरज नाही. एकच मोठा बरोक, वर सोन्याची साधी टोपी आणि बारीक साखळी, इतकं पुरतं. वाकड्या मोत्याभोवती पुन्हा नक्षीची गर्दी केली की दोघंही हरवतात.

सराकडे येऊ. ओवायच्या आधी मोती खोबणीच्या पाटावर मांडा. पाट नसेल तर जाड कागदाला दोन-तीन घड्या घालून पन्हाळ करा. सगळ्यांत मोठा आणि देखणा मोती मधोमध, मग दोन्ही अंगांनी उतरते. दोन मोठे फुगवटे शेजारी आले तर एकाला पालथा करा. गळ्यामागे, आकड्याजवळचे चार-पाच मोती लहान आणि गुळगुळीत ठेवा, नाहीतर टोकं मानेला टोचतात आणि केस अडकतात. मांडणी झाली की लगेच ओवू नका. तासाभराने पुन्हा पाहा, दोन-तीन मोती तरी जागा बदलतील.

सर तुटतो तो बहुतेक वेळा दोरा जुना झाल्यामुळे नाही, तर वेजाच्या धारदार कडेने कापल्यामुळे. वाकड्या मोत्यात वेज अनेकदा तिरका निघालेला असतो, आणि तिरक्या वेजाची एक कड सुरीसारखी असते. म्हणून प्रत्येक मोत्याच्या वेजाची दोन्ही तोंडं हिऱ्याची भुकटी लावलेल्या निमुळत्या कानशीने, पाण्यात बुडवून, दोन-तीन वेढे हलकेच घासून घ्यायची. पन्नास मोत्यांना अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणून हे काम टाळलं जातं. पटव्याला स्पष्ट सांगून करवून घ्या.

दोरा रेशमी. गोड्या पाण्याच्या मोत्यांचे वेज बहुधा ०.७ मिलिमीटरच्या आसपास असतात. त्यांना ०.३ ते ०.३५ मिलिमीटरचा दोरा दुहेरी घातला की पोकळी भरते. समुद्री मोठ्या मोत्यांचा वेज मोठा असतो, तिथे दोरा त्या मानाने जाड घ्या. वेजात ढिला दोरा असेल तर मोती डुलतो, आणि गाठही लहान पडून आत शिरते. दोरा वापरण्यापूर्वी हलकं वजन बांधून रात्रभर टांगून ठेवला तर ताण आधीच निघून जातो, नाहीतर महिन्याभरात सर सैल होऊन गाठी आणि मोती यांच्यामध्ये दोरा दिसू लागतो.

प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ हवीच. गोल मोत्यांना एकमेकांशी घासायला एकच बिंदू असतो, वाकड्यांच्या कडा एकमेकांत रुतून नेकर खरवडतात. शिवाय सर तुटला तर गाठीमुळे एखादाच मोती पडतो. गाठींचा हिशेब आधी करा. ८ मिलिमीटर लांबीचे ५० मोती म्हणजे ४० सेंटिमीटर. गाठी साधारण मिलिमीटरभर जागा खातात, तेव्हा सर ४५ सेंटिमीटरच्या जवळ जातो. आकड्याची लांबी वेगळी. दुहेरीसाठी दोन ते सव्वादोन मीटर दोरा घेऊन मधोमध सुई ओवा. कमी पडला तर मधे जोड देता येत नाही. गाठ घट्ट करताना चिमट्याचं टोक फासात ठेवून फास मोत्याच्या तोंडापर्यंत सरकवायचा, मग चिमटा काढत अंगठ्याच्या नखाने दाबायचं. मोत्याचं तोंड खड्ड्यात असेल तर गाठ आत दडेल, ती दिसायलाच हवी असा आग्रह नको. आकड्यापाशी दोरा उघडा ठेवू नका. जरदोजीतल्या दबक्यासारखी सोनेरी गुंडाळीची बारीक तार मिळते, तिचा सहा-सात मिलिमीटरचा तुकडा दोऱ्यावर चढवून मगच आकडा अडकवा. मोत्यांच्या मधे सोन्याचे बारीक मणी घालायची हौस असेल तर घाला, पण त्यांच्याही वेजाच्या कडा घासून घ्या. धातूची कड रेशमाला मोत्यापेक्षा लवकर कापते.

जपणूक फार कठीण नाही, मात्र आपल्या घरांतल्या काही सवयी मोत्याला मानवत नाहीत. अत्तर, केसांवरचे फवारे आणि पावडर आधी, मोती शेवटी. काढताना मोती आधी. हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात खाचांत हळद बसली तर तिथेच मऊ ओल्या कापडाच्या टोकाने पुसा. वाळल्यावर ती निघत नाही, आणि रेशमाला लागलेला डाग तर सर पुन्हा ओवल्याशिवाय जात नाही. घाम किंचित आम्लधर्मी असतो, म्हणून वापरून झाल्यावर दर वेळी पुसणं हीच खरी स्वच्छता. रिठ्याच्या पाण्यात मोती भिजत घालायची पद्धत घरोघरी आहे, पण तेही पाणी किंचित आम्लधर्मी असतं आणि दोऱ्यातली ओल दिवसदिवस जात नाही. चिंच, लिंबू, सोडा, टूथपेस्ट यांचा तर प्रश्नच नको. सराफाकडच्या ध्वनिलहरींच्या धुलाई यंत्रात किंवा वाफेखाली मोत्याचा दागिना टाकू देऊ नका. सूफ्ले आणि फायरबॉल तर मुळीच नाही.

ठेवायला मऊ सुती किंवा रेशमी पिशवी, सोन्याच्या दागिन्यांपासून वेगळी. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं कुलूपबंद मोती कोरडे पडून तडकू शकतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्यांना हा धोका जास्त. कोकणात उलटं, पावसाळ्यात दोऱ्याला बुरशी धरते, तेव्हा महिन्यातून एकदा सर बाहेर काढून सावलीत, टांगून नव्हे तर आडवा पसरून, दिवसभर ठेवा. नेहमी वापरत असाल तर दीड-दोन वर्षांनी सर नव्याने ओवून घ्या. मधे कधीही शंका आली तर सर आडवा धरून दोन मोत्यांमधली गाठ पाहा: ती मळून काळपट झाली असेल किंवा मोती गाठीपासून सुटून दीड मिलिमीटर दोरा दिसत असेल, तर तो सर पुढच्या कार्याला न घालता आधी पटव्याकडे द्या.